लावणीचा चिखल, लेप्टो आणि बॅक्टेरियाच्या कात्र्या

(एपिसोडमध्ये जे बोललो ते जवळपास तसंच खाली उतरवलंय. घाटात रेंज जाते, अर्धाच ऐकला, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, त्यांच्यासाठी. मध्ये लाईट गेली तो भाग कापला आहे.)



बाहेर पाऊस एवढा आहे की पत्र्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येणारच. तेवढं सांभाळून घ्या. मालवणपासून आत, आमच्या घरी बसून बोलतोय. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात, मासेमारी बंद आहे, आणि सगळं गाव सध्या शेतात वाकलेलं आहे. लावणी चालू आहे.

आजचा विषय नावाला जड आहे. रोगाचे जंतू शरीरात शिरल्यावर काही एन्झाईम बाहेर सोडतात आणि ती आपली प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, कापतात. प्रश्न असा की ती कापतात कुठे? कुठलंही प्रोटीन, कुठेही? की त्यांची आवडनिवड असते? मी पुण्यात दोन वर्षं एका लॅबमध्ये हेच काम करत होतो. आणि ज्या वर्षी हे काम करत होतो, त्याच वर्षी माझ्या घरात हा विषय आला आणि मला तो ओळखता आला नाही. आधी ते सांगतो.

जुलैचा शेवट होता. आमचे वरचे दोन कुणगे लावायचे राहिले होते. बाबांना ताप आला. आईने फोन केला तेव्हा मागून त्यांचा आवाज येत होता, "माका काय एक झाला नाय. पावसाचो ताप तो, दोन दिसात जातलो." मेडिकलमधून तापाची गोळी आणली, अंगदुखीची आणली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, पोटऱ्या एवढ्या दुखतायत की हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, आठ दिवस चिखलात वाकून उभे आहेत, दुखणारच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, डोळे लाल झालेत. मी म्हटलं, डोळे आले असतील, साथ आहे.

ताप, पोटऱ्या, लाल डोळे, भातशेती, जुलै. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलेला माणूस पुण्यात एसीत बसून हे ऐकत होता आणि "साथ आहे" म्हणत होता. हे मी आजवर ऑन रेकॉर्ड कुठे बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी एका दवाखान्यात नेलं. तिथे रक्ताची झटपट टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, सलाईन लावून घरी पाठवलं. त्या टेस्टबद्दल पुढे बोलतो, कारण तिथे फसगत होते. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी जवळजवळ बंद. मग गाडी केली, मोठं हॉस्पिटल, आयसीयू, तीन वेळा डायलिसिस. वाचले. आत्ता आतल्या खोलीत घोरतायत, कदाचित तेही रेकॉर्डिंगमध्ये येईल.

तर लेप्टो. आपल्याकडे कोणी लेप्टोस्पायरोसिस म्हणत नाही, लेप्टो म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, तेव्हापासून हा शब्द घराघरात गेला. पण हा मूळचा शेतातला, खाणीतला आजार. जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी १९१४-१५ च्या सुमारास याचा जंतू शोधून काढला. त्याआधी १९०७ मध्ये स्टिमसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पीतज्वराने गेला असं मानलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात तो पाहिला होता. मळसूत्रासारखा पिळदार आणि टोकाला वाकलेला, प्रश्नचिन्हासारखा. म्हणून नाव ठेवलं इंटरोगन्स, प्रश्न विचारणारा. जाडी इतकी कमी, मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या पद्धतीने दिसतच नाही.

तो उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला फारसं काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू शेताच्या पाण्यात येतात. गुरं, कुत्रे, डुकरं यांच्यातूनही येतात. आणि आपण लावणीला गुडघाभर चिखलात दिवसदिवस उभे असतो. पायाला भेगा, बोटांच्या मधे कुजलेली कातडी, कुठेतरी काटा लागलेला. तेवढी वाट त्याला पुरते. कातडी खूप वेळ भिजून मऊ झाली असेल तर तेही चालतं.

आत शिरला. आता समोर काय आहे? आपलं रक्त, त्यातले पहारेकरी, आणि पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा पसारा. हे सगळं बहुतेक प्रोटीनचं. इथे कात्री कामाला येते.

प्रोटीन म्हणजे काय ते आपल्या पद्धतीने सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगी फुलली की वळेसार बाजारात येतात. एका दोऱ्यात ओवलेली फुलं. आता अशी कल्पना करा की वळेसारात एकच फूल नाही, वीस प्रकारची फुलं आहेत. सुरंगी, अबोली, मोगरा, शेवंती, काय हवं ते. कुठलं फूल कुठे आहे हे पक्कं ठरलेलं. ही फुलं म्हणजे अमिनो ॲसिड, आणि शेकडो फुलांचा एक वळेसार म्हणजे एक प्रोटीन. तो सरळ लोंबकळत नाही, स्वतःभोवती गुंडाळून त्याचा एक ठराविक गोळा होतो. हा वळेसार मधे कुठेतरी कापणारं एन्झाईम म्हणजे प्रोटिएज.

तुमच्या स्वयंपाकघरात एक प्रोटिएज असतंच. मटण जून निघालं तर आई कच्ची पपई वाटून लावते ना? पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाईम असतं, ते मांसाचे धागे तोडतं. फार वेळ ठेवलं तर मटणाचा लगदा होतो, हा अनुभवही बऱ्याच घरांत आहे.

आणि गंमत म्हणजे कात्रीची आवड मोजायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती याच पपेनवर बसवली गेली. १९६७ मध्ये इस्राएलच्या वायझमन इन्स्टिट्यूटमधल्या शेक्टर आणि बर्जर या दोघांनी. त्यांनी दाखवलं की एन्झाईमला एक खाच असते आणि त्या खाचेत प्रोटीनची एक दोन नाही, सहासात फुलं ओळीने बसतात. बाकावर माणसं बसावीत तशी. जिथे कापायचं त्या जागेपासून डावीकडे पहिली जागा, दुसरी, तिसरी, आणि उजवीकडेही पहिली, दुसरी. प्रत्येक जागेची आपली खोड असते. पपेनच्या डाव्या दुसऱ्या जागेला फेनिलॲलनिनसारखं मोठं, तेलकट स्वभावाचं अमिनो ॲसिड आवडतं. आपल्या पोटातलं ट्रिप्सिन डाव्या पहिल्या जागेवर लायसिन किंवा आर्जिनिन असल्याशिवाय सहसा कापत नाही. आणि थर्मोलायसिन नावाचं एक झिंकवालं एन्झाईम आहे, ते उजव्या पहिल्या जागेकडे बघतं. तिथे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन असं काही असेल तर त्याच्या अलीकडे कापतं.

थर्मोलायसिन हा शब्द लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

घरात बघा ना. नारळ सोलायला वेगळं हत्यार, मासळी कापायला विळी, भात कापायला विळा. विळीने नारळ सोलायला बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही. पण विळीने भाजी, कांदा, सुरमई, सगळं कापतात. काही कात्र्या अशा सगळ्याला चालणाऱ्या असतात आणि काही फक्त एकाच कामाच्या. जंतूंकडे दोन्ही असतात.

लेप्टोकडे परत येऊ. आपल्या रक्तात सी-३ नावाचं एक प्रोटीन असतं. भरपूर असतं, एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त. कॉम्प्लिमेंट नावाची जी संरक्षण साखळी आहे तिचा हा मधला खांब. परका जंतू दिसला की आपलीच एक कात्री या सी-३ ला एका नेमक्या जागी कापते, एका आर्जिनिनच्या पुढे. त्या एका कापाने सी-३ उघडतं, जंतूच्या अंगाला घट्ट चिकटतं, पांढऱ्या पेशींना खूण करतं आणि पुढची साखळी पेटते. शेवटी जंतूच्या आवरणाला भोकं पडतात. म्हणजे सी-३ कापलं जाणं ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, अट एवढीच की ते ठरल्या जागी कापलं जावं.

२०१४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या संशोधकांनी एक निबंध छापला. साओ पावलो विद्यापीठ आणि तिथलीच बुटांटन इन्स्टिट्यूट, जी साप चावल्यावरचं प्रतिविष बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. ब्राझीलमध्ये पुरानंतर झोपडवस्त्यांत लेप्टो येतो, त्यामुळे त्यांना हा आपल्याइतकाच जवळचा. त्यांनी लेप्टोस्पायरा दोन प्रकारचे घेतले. एक रोग करणारे, दुसरे नुसतेच पाण्यात राहणारे निरुपद्रवी भाऊबंद. दोघांना वाढवलं, जंतू गाळून काढले आणि उरलेलं पाणी, ज्यात जंतूंनी बाहेर सोडलेला माल असतो, ते कॉम्प्लिमेंटच्या प्रोटीनबरोबर मिसळून ठेवलं. रोग करणाऱ्यांच्या पाण्याने सी-३ कापलं. साखळीतली आणखीही प्रोटीन कापली. निरुपद्रवी भावंडांच्या पाण्याने काही केलं नाही.

मग त्यात झिंकसारखे धातू धरून ठेवणारं एक रसायन घातलं, फेनॅन्थ्रोलिन. कापणं थांबलं. म्हणजे कात्री धातूवाली. मग जंतूंच्या जनुकांमधून थर्मोलायसिनच्या कुळातलं एक प्रोटीन वेगळं बनवलं आणि सी-३ समोर ठेवलं. त्यानेही कापलं.

आता गणित जुळवा. आपली कात्री आर्जिनिन बघून एकदाच कापते आणि सी-३ शस्त्र होतं. थर्मोलायसिनच्या कुळाच्या कात्रीला आर्जिनिनशी देणंघेणं नाही, तिला ल्युसिन, व्हॅलिन हवं. ती भलत्या जागी कापते. पहारेकऱ्याच्या बंदुकीची नळी मधेच कापावी तसं. तुकडे हातात असतात, पण साखळी नीट पेटत नाही. आणि जंतूला काय हवं असतं, थोडा वेळ. तेवढ्यात तो रक्तातून मूत्रपिंडात, यकृतात, फुप्फुसात पोचतो.

पुढच्या काही वर्षांत त्याच मंडळींच्या कामातून दिसलं की लेप्टोने सोडलेली प्रोटिएज पेशींमधला पसाराही कापतात, प्रोटिओग्लायकन, फायब्रोनेक्टिन वगैरे. हा म्हणजे आमच्या चिऱ्याच्या भिंतीतला सांध्यांचा माल. चिरे तसेच, सांधे उकरले. लेप्टोत काही रुग्णांच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो, त्याला ही एकच कात्री जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही, शरीराची स्वतःची प्रतिक्रियाही तिथे मोठी असते. पण एवढा बारीक जंतू एवढ्या लवकर एवढ्या ठिकाणी कसा पोचतो, याच्या उत्तरात या कात्र्या येतात.

कुठे कापलं हे कळतं कसं, हे विचारणारे दोघेतिघे असतातच, म्हणून थोडक्यात. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती पद्धत अगदी सोपी. अगरच्या प्लेटमध्ये साय काढलेलं दूध घालायचं. प्लेट पांढरी दिसते, दुधातल्या केसिनमुळे. त्यावर जंतू वाढवले आणि त्यांनी प्रोटिएज सोडलं की वसाहतीभोवती पारदर्शक गोल पडतो. मी पहिल्यांदा तो गोल बघितला तेव्हा मला कोणीतरी गुपित सांगितल्यासारखं वाटलं होतं. पण हा गोल फक्त एवढंच सांगतो की इथे कात्री आहे. आवड सांगत नाही.

आवड काढायला एक पद्धत २००८ मध्ये शिलिंग आणि ओव्हरऑल यांनी दिली. पेशींमधली हजारो प्रोटीन घेऊन त्यांचे छोटे तुकडे करायचे, म्हणजे तयार ग्रंथालयच. त्यावर आपली कात्री सोडायची. मग नव्याने कापली गेलेली टोकं तेवढी वेगळी काढून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांचं वजन करायचं. वजनावरून क्रम कळतो, क्रमावरून कुठे कापलं ते कळतं. शंभर दोनशे काप एकाखाली एक मांडले की चित्र दिसायला लागतं. डावी पहिली जागा, कोणीही चालेल. उजवी पहिली जागा, ल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन, ल्युसिन, फेनिलॲलनिन. माझ्या दोन वर्षांतला बराचसा वेळ असल्या याद्या बघण्यात गेला. असल्या याद्या मेरॉप्स नावाच्या डेटाबेसमध्ये कोणालाही फुकट बघता येतात. कंटाळा आला तर रील्सऐवजी तिकडे एक चक्कर मारा. बरं, नका मारू.

आता जरा दुसऱ्या टोकाला जाऊ. लेप्टोची कात्री बऱ्याच गोष्टी कापणारी. पण एक जंतू असा आहे ज्याच्या कात्रीचा हट्ट ऐकून मला आजही नवल वाटतं. धनुर्वात.

गंजका खिळा लागला की इंजेक्शन घे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. दोष गंजाचा नसतो. मातीत, शेणात धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू असतात, खिळा ते खोल नेऊन ठेवतो, जिथे हवा पोचत नाही. तिथे तो जंतू एक विष बनवतो. माणसाला मारायला शरीराच्या दर किलोमागे साधारण अडीच नॅनोग्रॅम पुरतं. ७० किलोच्या माणसाला १७५ नॅनोग्रॅम. मिठाच्या एका कणापेक्षा कितीतरी कमी.

एवढंसं पुरतं कसं? १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या शियाव्हो, माँतेकुक्को आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे विष म्हणजे एक झिंकवालं प्रोटिएज आहे. विष म्हणून ते एकदाच काम करून संपत नाही. एन्झाईम आहे, एक कापून झालं की दुसऱ्याकडे जातं. आणि कापतं काय? मज्जातंतूच्या टोकाशी सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं ११६ अमिनो ॲसिडचं छोटं प्रोटीन असतं. त्यातल्या ७६ व्या ग्लुटामिन आणि ७७ व्या फेनिलॲलनिनच्या मधे. बास. ग्लुटामिनच्या पुढे फेनिलॲलनिन इतर प्रोटीनमध्येही येतं की, पण तिथे हात लावत नाही. त्या जागेच्या मागेपुढे लांबवरचा क्रम ओळखीचा लागतो. ते प्रोटीन तुटलं की स्नायूंना "सैल हो" सांगणारा निरोप पोचत नाही. सगळे स्नायू एकदम आवळतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. नाव तिथूनच.

याच्यात एक भारी गोष्ट आहे. कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, पायाला जखमा होतात, तिला धनुर्वात झालेला कोणी पाहिलाय? कोंबडी आणि मोठा उंदीर, दोघेही या विषाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्याच इटालियन गटाने पुढे पाहिलं की या दोघांच्या सिनॅप्टोब्रेव्हिनच्या एका प्रकारात त्या ७६ व्या जागी ग्लुटामिनऐवजी व्हॅलिन आहे. वळेसारातलं एक फूल वेगळं. कात्री बसत नाही.

आणि आपल्याला ते एक फूल बदलता येत नाही, म्हणून आपण लस घेतो. पूर्वी नाळ कापायला मिळेल ते हत्यार वापरायचे, नाळेवर काहीबाही लावायचे आणि बाळं आठवड्याच्या आत जायची. आजीच्या पिढीत अशी मुलं गेलेली प्रत्येक वाडीत आहेत. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणतात त्याला, पण जंतू मातीत आहे तिथेच आहे. लस थांबली की तो परत येईल.

तिसरं उदाहरण खाजेचं, कारण पावसात ती सगळ्यांनाच आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आपल्या कातडीवर, नाकात फिरणारा जंतू. त्याचं व्ही-८ नावाचं प्रोटिएज ग्लुटामिक ॲसिडच्या पुढे कापतं. जुनं, माहितीतलं एन्झाईम, लॅबमध्ये प्रोटीन तोडायला विकत मिळतं. २०२३ मध्ये हार्वर्डच्या एका गटाने उंदरांवर दाखवलं की हे व्ही-८ कातडीतल्या मज्जातंतूंवरचं पार-१ नावाचं एक प्रोटीन कापतं, आणि तो काप म्हणजेच खाजेचं बटण. त्याआधी समजूत होती की जंतूमुळे सूज येते आणि सुजेमुळे खाज. इथे जंतूची कात्री थेट मज्जातंतूचं बटण दाबते. पार-१ अडवणारं एक औषध हृदयाच्या रुग्णांसाठी आधीपासून आहे, ते दिल्यावर उंदरांचं खाजवणं कमी झालं. तुम्ही मेडिकलमध्ये जाऊन ते मागू नका, ते रक्त गोठण्यावर परिणाम करणारं औषध आहे.

मग मला हमखास विचारतात, लेप्टोची कात्री बोथट करणारी गोळी का नाही? प्रयत्न करता येतो, पण अडचण अशी की आपल्या शरीरातही झिंकवाल्या कात्र्या ढिगाने आहेत. जखम भरताना, हाड वाढताना त्या लागतात. झिंक अडवायला गेलं तर आपल्याही बंद पडतात. म्हणून तर आवडीचा अभ्यास. जंतूच्या कात्रीची खाच आपल्या कात्र्यांपेक्षा जिथे वेगळी आहे, तिथेच बसेल असं काहीतरी शोधायचं. आज लेप्टोसाठी असं औषध दुकानात नाही. आवडीचा उपयोग निदानात मात्र झालाय. धनुर्वाताच्या विषाचं भावंड आहे बोट्युलिनम, डब्याबंद खराब अन्नात होणारं. अमेरिकेच्या सीडीसीने त्याच्यासाठी एक टेस्ट बनवली. विषाला आवडणारा प्रोटीनचा छोटा तुकडा नमुन्यात टाकायचा आणि तो कापला गेला का, कुठे गेला, हे वजनावरून बघायचं. कुठे कापलं त्यावरून विषाचा प्रकारही कळतो.

लेप्टोची टेस्ट अशी नाही, आणि आता त्या फसगतीवर येतो. दवाखान्यात होणारी नेहमीची टेस्ट जंतू बघत नाही. जंतूविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी बघते. त्या बनायला पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टेस्ट केली तर लेप्टो असूनही निगेटिव्ह येऊ शकते. बाबांची तशीच आली. पहिल्या दिवसांत पीसीआरने जंतू सापडू शकतो, पण ते सगळीकडे होत नाही. म्हणून भातशेतीच्या भागात लक्षणं जुळली तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करू शकतात. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रिअक्झोन, सगळी जुनी, स्वस्त औषधं. पण डॉक्टरांना तुम्ही शेतात होता हे माहीत पाहिजे ना. बाबांनी सांगितलंच नाही. विचारलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. आपल्याकडे शेतात जाणं ही सांगायची गोष्टच वाटत नाही.

तेव्हा घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा. ताप आहे का, पोटऱ्या दुखतायत का, डोळे लाल आहेत पण पू नाही असं आहे का, मागच्या दोनतीन आठवड्यांत चिखलात, व्हाळात, पुराच्या पाण्यात उतरलात का, लघवी नेहमीसारखी होतेय का. आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका, मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं, त्यात काही पेनकिलर भर घालतात.

राहिली आठवड्याच्या गोळीची गोष्ट. लावणीच्या दिवसांत आशाताई डॉक्सिसायक्लिन घेऊन येते आणि निम्मी माणसं ती गोळी फळीवर ठेवून देतात. २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर याची परीक्षा झाली, ती १९८४ मध्ये छापून आली. नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत २० जणांना लेप्टो झाला, खरी गोळी मिळालेल्यांत एकाला. अंदमानात आपल्या आयसीएमआरच्या पोर्ट ब्लेअरच्या केंद्राने केलेला अभ्यास २००० साली छापून आला, त्यात चित्र जरा वेगळं होतं. जंतूची लागण दोन्ही गटांत जवळपास सारखी, पण आजारी पडणारे गोळीवाल्यांत कमी. म्हणजे गोळी म्हणजे कवच नाही, पण माझ्या मते फळीवर ठेवण्यापेक्षा पोटात असलेली बरी. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही चालत नाही, त्यामुळे डॉक्टर किंवा आरोग्य केंद्र सांगेल तशीच घ्यायची. जेवून, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते.

गमबूट घाला असं मी बाबांना सांगून बघितलं. त्यांनी एकदा घातले. दुसऱ्या पावलाला बूट चिखलात राहिला आणि पाय वर आला. "ह्यो तुझो बूट काढूक आता दुसरो माणूस लावूचो काय?" असं म्हणून बांधावर ठेवले, ते अजून तिथेच आहेत, पावसाचं पाणी भरलंय त्यात. त्यामुळे आम्ही पायाच्या जखमांना आधी चिकटपट्टी, वर खोबरेल आणि घरी आल्यावर साबणाने पाय, एवढ्यावर तडजोड केलीय. तेलाने जंतू अडतो असा काही पुरावा माझ्याकडे नाही, पण भेगा कमी पडतात हे दिसतं.

काल शनिवार होता, गोळीचा दिवस. आशाताई आली तेव्हा बाबांनी पेज जेवून तिच्यासमोर गोळी घेतली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू? तू उद्या कुणग्यात येतलंस मा?" मीही घेतली.

उद्या पहाटे तरवा काढायचाय. लाईट परत लुकलुकायला लागलीय, तेव्हा इथेच थांबतो. तुमच्या गावात गोळ्या पोचल्या की नाही ते मला व्हॉइस नोट करून कळवा.